न्हाणीघरातील सांडपाण्यातून उष्णतेची पुनर्प्राप्ती : तत्त्व, रचना आणि मर्यादा

प्रस्तावना :

ऊर्जाबचतीचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने दिवे, पंखे, यंत्रे आणि वाहने यांच्याकडे जाते. घरातील मोरीतून वाहून जाणारे पाणी हादेखील ऊर्जेच्या गळतीचा एक मार्ग आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. पाणी तापविण्यासाठी वीज अथवा इंधन खर्ची पडते. ते पाणी अंगावरून ओघळते आणि काही सेकंदांत जाळीखाली दिसेनासे होते. त्या क्षणी ते अजून कोमट असते. म्हणजेच त्यात घातलेल्या उष्णतेचा मोठा भाग त्याच्यापाशीच असतो. ही उष्णता परत मिळविणारी साधने थंड हवामानाच्या देशांत, विशेषतः कॅनडा व नेदरलँड्स येथे, नव्या घरांतून बसविली जातात.

प्रस्तुत लेखास दोन निमित्ते घडली. कॅनडात टोरोंटोजवळ राहणाऱ्या एका मावसभावाने आपल्या नव्या घराच्या तळघराचे छायाचित्र पाठविले. भिंतीलगत तांब्याची एक जाड नळी उभी आणि तिच्याभोवती, दोरी गुंडाळावी तशी, तांब्याच्या बारीक नळ्यांची वेटोळी. ‘हे काय आहे, आणि याचा खरोखर काही उपयोग आहे का?’ असा त्याचा प्रश्न होता. त्याच सुमारास पदवीच्या अंतिम वर्षातील दोन विद्यार्थी नेमके हेच साधन महाविद्यालयाच्या वसतिगृहात बसविण्याचा प्रकल्प घेऊन आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता आले. दुसऱ्याचे ‘नाही’ असे दिले, परंतु ते पुढे काही अंशी मागे घ्यावे लागले. ही तिन्ही उत्तरे एकाच तत्त्वातून कशी निघतात, हे उलगडून दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

वाहून जाणाऱ्या उष्णतेचे मोजमाप :

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. नित्य व्यवहारातील पदार्थांत पाण्याची विशिष्ट उष्णता फार मोठी आहे. म्हणूनच पाणी तापविणे महाग पडते, आणि म्हणूनच तापलेले पाणी टाकून देणेही महाग पडते.

ओंटारिओ प्रांतातील हिवाळ्याचे उदाहरण घेऊ. समजा, घरात येणारे पाणी ८ अंशांवर आहे आणि शॉवरमधून ते ४० अंशांवर पडते. प्रवाह मिनिटाला ९.५ लिटर आहे. (कॅनडातील प्रमाणित चाचणीत हाच प्रवाह धरतात.) दहा मिनिटांच्या स्नानास ९५ लिटर पाणी लागेल आणि ते ३२ अंशांनी तापविण्यास सुमारे साडेतीन युनिट ऊर्जा खर्च होईल. हवेत व अंगावर काही उष्णता गमावून पाणी जाळीपाशी पोचते, तेव्हा ते ३६ अंशांवर असते असे धरू. आत येणाऱ्या थंड पाण्याच्या तुलनेने ते अजूनही २८ अंशांनी गरम आहे. म्हणजे साडेतीन युनिटांपैकी तीनांहून थोडी अधिक युनिटे मोरीतून खाली जातात. स्नान करणाऱ्याच्या वाट्याला आणि न्हाणीघराच्या हवेला मिळून अर्धे युनिटही येत नाही!

या तीन युनिटांपैकी निम्मी परत मिळाली, तरी आत येणारे थंड पाणी ८ ऐवजी २२ अंशांवर येते. हिशेब केल्यास, स्नान चालू असेपर्यंत हे साधन सुमारे नऊ किलोवॅट क्षमतेच्या हीटरइतके काम करीत असते. त्यात विजेची तार नाही, फिरणारा एकही भाग नाही.

टाकाऊ उष्णतेचा असा वापर आपल्याला सर्वस्वी नवा नाही. जुन्या स्वयंपाकघरात चुलीला जोडून वैल असे. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असताना बाजूच्या वैलावर, चुलीतून सुटणाऱ्या धगीवर, आमटीचे अथवा पाण्याचे भांडे तापत राही. आज सहकारी दूध संघांच्या प्रक्रिया केंद्रांत हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे वापरले जाते. ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापविलेले दूध थंड करावयाचे असते आणि ४ अंशांवरील कच्चे दूध तापवावयाचे असते. तेव्हा पातळ पत्र्यांच्या दोन्ही बाजूंनी ही दोन दुधे एकमेकांजवळून नेतात. लागणाऱ्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग अशा देवघेवीतून मिळतो. येथे एक बाब नोंदवून ठेवावी : तेथे जितके दूध बाहेर जाते तितकेच, आणि त्याच वेळी, आत येत असते.

उभ्या नळीची रचना :

सांडपाण्याच्या बाबतीत दूध केंद्रातील पत्र्यांचे साधन चालत नाही. साबण, केस आणि मळ यांमुळे त्यातील अरुंद फटी लवकरच तुंबतील. या अडचणीवर उभी नळी हा साधा उपाय निघाला, आणि अशा साधनाला अमेरिकेत १९८६ मध्ये पेटंट मिळाले. शॉवरखालील सांडपाण्याच्या उभ्या नळीचा मीटर-दीड मीटर लांबीचा भाग काढून त्या जागी साधारण तीन वा चार इंच व्यासाची तांब्याची नळी बसवितात. तिच्या बाहेरून बारीक तांब्याच्या नळ्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. सांडपाणी आतून खाली उतरते. नळाचे स्वच्छ पाणी वेटोळ्यांतून खालून वर चढते.

एवढ्या रुंद नळीतून पाणी मधोमध धारेने पडेल, मग ते भिंतीला उष्णता कशी देईल, अशी शंका विद्यार्थी हमखास घेतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. वरून येणारे पाणी नळीच्या कडेने आत शिरते आणि भिंतीला चिकटून, एक मिलिमीटरहूनही पातळ पडद्याच्या रूपाने खाली उतरते. उतारावरून येणारा चहा किटलीच्या तोटीलाच धरून ओघळतो, तसाच काहीसा हा प्रकार होय. पडदा पातळ असल्याने त्यातील बहुतेक सर्व पाणी तांब्याच्या निकट असते. वेगाने घसरत असल्याने ते सतत घुसळलेही जाते. उष्णतेच्या संक्रमणास याहून अनुकूल स्थिती क्वचितच सापडेल. नळीचा मधला भाग मात्र मोकळा राहतो. त्यामुळे केसांचा गुंता असो वा साबणाचा फेस, तो अडकत नाही. हीच नळी आडवी ठेवली तर पाणी तिच्या तळाशी एका पट्टीत वाहते, उरलेली भिंत कोरडी राहते आणि गाळही साचू लागतो. खाली मजला नसलेल्या घरांसाठी आडवी साधने निघाली आहेत. परंतु त्यांची कार्यक्षमता सामान्यतः कमी असून त्यांची स्वच्छताही अधिक राखावी लागते.

पाण्याच्या दिशा परस्परविरुद्ध ठेवण्यालाही कारण आहे. ३६ अंशांचे आणि ८ अंशांचे समान प्रवाह एकाच दिशेने नेले, तर नळी कितीही लांब केली तरी दोन्ही पाणी शेवटी २२ अंशांवर येऊन थांबेल. अर्ध्याहून अधिक उष्णता कधीच मिळणार नाही. प्रतिप्रवाहात ही मर्यादा राहत नाही. वर चढणाऱ्या थंड पाण्याला प्रत्येक पायरीवर आपल्याहून थोडे गरम सांडपाणी भेटत जाते. म्हणून लांब नळी घेतल्यास अर्ध्याहून अधिक वाटा मिळविता येतो.

पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्याची भीती रास्त आहे. या रचनेत दोन पाण्यांच्या मध्ये तांब्याच्या दोन स्वतंत्र भिंती असतात : एक मोठ्या नळीची, दुसरी वेटोळ्याची. कोणतीही एक भिंत फुटली तरी पाणी दुसऱ्या नळीत न जाता बाहेर ठिबकते आणि दोष डोळ्यांना दिसतो.

विसणाचा प्रश्न :

वेटोळ्यांतून कोमट होऊन आलेले पाणी पुढे कोठे न्यावे? येथे तीन पर्याय संभवतात. ते केवळ हीटरला द्यावे, केवळ शॉवरच्या थंड बाजूस म्हणजे विसण म्हणून द्यावे, अथवा दोन्हींकडे द्यावे. वरवर पाहता हा नळजोडणी करणाऱ्या कारागिराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः साधनाचा लाभ बऱ्याच अंशी यावर ठरतो.

हीटरमधील पाणी ६० अंशांवर आणि विसण ८ अंशांवर असेल, तर ४० अंशांच्या मिश्रणात गरम पाण्याचा वाटा सुमारे ६२ टक्के लागतो. विसणच २२ अंशांवर आले, तर हा वाटा ४७ टक्क्यांवर उतरतो. नळ फिरविणारा मनुष्य नकळतच गरम पाणी कमी घेतो. त्यामुळे तीच टाकी अधिक जणांना पुरते. शिवाय हीटरमध्ये शिरणारे पाणीही २२ अंशांवर असल्याने त्याला कमी तापवावे लागते. या दुहेरी जोडणीत मोरीतून जाणारे आणि वेटोळ्यातून येणारे पाणी सारखे असते, दूध केंद्रातल्याप्रमाणेच. केवळ हीटरला जोडणी दिली, तर वेटोळ्यातून कमी पाणी जाते. ते थोडे अधिक तापते खरे. तथापि वरील उदाहरणात मिळणारी एकूण उष्णता सुमारे १५ टक्क्यांनी घटते.

वेळेचा मेळ :

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली आहे. सांडपाणी खाली जात असताना त्याच क्षणी थंड पाणी वर येत आहे, ही ती गोष्ट. शॉवरमध्ये ती आपोआप साधते. म्हणूनच या साधनाची सारी उपयुक्तता शॉवरशी बांधलेली आहे. टबात स्नान करणाऱ्या घरात टब भरताना मोरी कोरडी असते आणि टब रिकामा होताना नळ बंद असतो. तांब्याची नळी तीच, सांडपाण्यातील उष्णताही तीच, पण लाभ जवळजवळ शून्य. कपडे धुण्याच्या यंत्रालाही हेच लागू पडते.

आपल्याकडील बादलीचे स्नान या दृष्टीने टबाच्याच पंगतीत बसते. गीझर असो वा बंब, आधी बादली भरते, त्यात विसण घातले जाते, नळ बंद होतो आणि नंतर तांब्या-तांब्याने पाणी अंगावर घेतले जाते. वीस लिटरची बादली २० अंशांपासून ४२ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धे युनिट लागते. जाळीपाशी ते पाणी ३४ अंशांवर पोचले असे धरल्यास, त्यात एक तृतीयांश युनिट शिल्लक असते. त्यातील चाळीस टक्के परत मिळाले असते, तर चौघांच्या कुटुंबाची वर्षाला दोनशेच्या आसपास युनिटे वाचली असती. हा आकडा अगदीच टाकाऊ नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पात हाच हिशेब मांडला होता आणि त्यातील गुणाकार बिनचूक होते. चुकली होती ती वेळ. पाणी मोरीत पडते तेव्हा गीझरमध्ये थेंबही शिरत नसतो, त्यामुळे ही दोनशे युनिटे केवळ कागदावरच राहतात. उष्णता किती आहे हे पाहताना ती घेण्यास त्या क्षणी कोणी हजर आहे का, हे पाहायचे राहून गेले.

सांडपाणी टाकीत साठवून ही अडचण दूर करता येईल, असे सुचविले जाते. तत्त्वतः ते शक्य आहे. मात्र साठविलेल्या सांडपाण्याचा गाळ आणि दुर्गंधी यांचा बंदोबस्त करावा लागतो आणि पातळ पडद्याचा लाभही हातचा जातो. घरगुती प्रमाणावर हा खटाटोप परवडेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रातील ज्या घरांत नियमित शॉवर आहे, तेथे काय? समजा, पाणी २० अंशांवर आहे, शॉवर ४० अंशांवर, प्रवाह मिनिटाला सहा लिटर आणि स्नान आठ मिनिटांचे. सांडपाणी ३५ अंशांवर असल्यास आणि निम्मी उष्णता परत मिळाल्यास प्रत्येक स्नानामागे ०.४ युनिट वाचेल. ओंटारिओच्या उदाहरणात हीच बचत दीड युनिट होती. उन्हाळ्यात टाकीतले पाणी स्वतःच तापलेले असते आणि उरलीसुरली बचतही संपते. पाच फुटी साधनास अंदाजे पंधरा किलो तांबे लागते. तांब्याचा भाव पाहता ही रक्कम वसूल होण्यास लागणारा काळ कुटुंबाच्या सहनशक्तीबाहेरचा ठरेल. गच्चीवर सौर जलतापक असेल, तर हा प्रश्नच फारसा उरत नाही.

थंड देशांतही सर्व घरांना हे साधन सारखेच मानवत नाही. ओंटारिओच्या इमारत नियमांतील ऊर्जाविषयक तरतुदींनुसार २०१७ च्या आरंभापासून नव्या घरांच्या अनेक प्रकारांत ते आवश्यक ठरले. परंतु शॉवरखाली तळघर वा दुसरा मजला नसेल, तर सवलत ठेवली आहे, कारण उभ्या नळीला उतरायला जागाच नसते. आपल्याकडे नियमावली तयार करताना परदेशी तरतुदी उचलण्याचा मोह होतो. त्या तरतुदींमागे तेथील तळघर, तेथील थंड नळ आणि तेथील स्नानाची पद्धत या तिन्ही गोष्टी उभ्या आहेत, याचा विसर पडू नये.

वसतिगृहाचे प्रकरण :

प्रकल्प घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखकाने वरील कारणाने नकार दिला. दोन दिवसांनी ते परत आले. त्यांचा युक्तिवाद असा होता : घरात एकजण बादली भरतो आणि नंतर अंगावर घेतो, हे मान्य, पण वसतिगृहात सकाळी सहा ते आठ या वेळेत एकजण अंगावर घेत असताना दुसरा बादली भरतच असतो. सर्वांची मोरी एका नळीला मिळाली, तर वेळेचा मेळ संख्येमुळे साधेल.

हा युक्तिवाद बरोबर आहे, हे मान्य करणे भाग पडले. एका माणसाच्या बाबतीत जे खंडित आहे, ते समूहाच्या बाबतीत सलग होते. मग विद्यार्थ्यांनी आठवडाभर पहाटे उठून, न्हाणीघरांच्या खालील चेंबरजवळ थर्मामीटर घेऊन नोंदी केल्या. त्या नोंदी येथे छापण्याइतक्या काटेकोर नाहीत. परंतु त्यांतून दिसलेली गोष्ट निःसंदिग्ध होती. तेथे पोचणारे पाणी अपेक्षेहून बरेच थंड होते. त्याच मोरीवर मुले थंड पाण्याने कपडे धूत होती, तोंडे धूत होती, बादल्या विसळत होती. गरम सांडपाण्यात थंड सांडपाणी मिसळले की उष्णतेचे एकूण परिमाण तेवढेच राहते, परंतु तापमान खाली येते. आणि तापमानातील फरक हाच तर उष्णतेला एका नळीतून दुसरीकडे ढकलतो. याखेरीज पाणी गच्चीवरील टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने येते. ते आधी तळमजल्यावरील वेटोळ्यात उतरवून पुन्हा गच्चीवरील जलतापकात चढवायचे, तर पंप लागेल.

तेव्हा वसतिगृहाचे ‘नाही’ कायम राहिले. मात्र त्याचे कारण बदलले. ज्या ठिकाणी शॉवरची रांग आहे आणि तिचे सांडपाणी इतर मोऱ्यांपासून वेगळे ठेवलेले आहे, अशा जलतरण तलावांत, व्यायामशाळांत किंवा थंड हवेच्या ठिकाणच्या मोठ्या हॉटेलांत हे साधन तपासून पाहण्यास हरकत नाही. इमारत बांधतानाच मोऱ्या वेगळ्या काढल्या तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर फरशी फोडून ते करणे वेगळे.

संख्येमुळे प्रवाह सलग होतो, हे विद्यार्थ्यांचे सूत्र शहराच्या पातळीवर प्रत्यक्षात आलेले आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात फॉल्स क्रीक भागातील ऑलिंपिक ग्रामासाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या केंद्रात मुख्य गटारातील सांडपाण्यामधून उष्णता काढली जाते आणि ती परिसरातील इमारतींना तापविण्यासाठी व गरम पाण्यासाठी पुरविली जाते. तेथेही मिश्रणामुळे तापमान उतरलेले असतेच. म्हणून नुसत्या नळ्या पुरत नाहीत, तर हीट पंप वापरून उष्णता वरच्या तापमानास उचलावी लागते आणि त्या पंपाला वीज द्यावी लागते. घरातील तांब्याच्या नळीला मात्र वीज लागत नाही, कारण पाणी मिसळण्यापूर्वी, गरम असतानाच ते तिच्यातून जाते.

मावसभावाला उत्तर लिहिताना एक सोपी पारख सुचविली होती. वरच्या मजल्यावर कोणी शॉवर घेत असताना तळघरात जावे आणि जाड नळीला आधी वर, मग खाली हात लावून पाहावा. वरचे टोक कोमट आणि खालचे स्पष्टपणे थंड लागले, तर साधन काम करीत आहे. दोन्ही टोके सारखीच कोमट लागली, तर वेटोळ्यातून पाणी जात नाही, असे समजावे. त्याच्या घरी खालचे टोक थंड लागले. मात्र वेटोळ्याच्या वरच्या तोंडातून निघालेली नळी फक्त हीटरकडे गेली होती. शॉवरचे विसण मुख्य नळावरून थेट येत होते. ती जोडणी बदलण्यासाठी किती मजुरी पडेल, याची तो सध्या चौकशी करीत आहे.